राजीनाम्याआधी आईची सही

ताई, तुम्ही लिहिलंय: वय ४८, हातात पगार ५४ हजार. आई ७६ वर्षांची, डिमेन्शियाची सुरुवात. तिला २६ हजार फॅमिली पेन्शन, शिवाय २८ लाखांच्या एफडी, सगळ्या तिच्या एकटीच्या नावावर. आईला सांभाळायला दिवसभराची बाई पुरवणारा ब्यूरो महिना २२ हजार मागतो आणि भाऊ म्हणतो, ‘त्यापेक्षा तूच घरी बस.’

भावाच्या हिशेबात तुमचा पगार कुठे दिसत नाही. शिवाय ते २२ हजार आईच्या पेन्शनमधून निघतात. आईचा पैसा आईवर खर्च करायला संकोच कसला? पीएफच्या पेन्शनला १० वर्षं सेवा लागते, तुमची साडेआठ झालीत. हा आजार वर्षानुवर्षं चालतो; मधे पाच-सहा वर्षं गेल्यावर पुन्हा नोकरी कोण देणार? आत्ता राजीनामा नको. पुढे द्यावाच लागला, तर पेन्शनचा पैसा काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे झालेल्या सेवेचा पीएफ कार्यालयाचा दाखला; ती सेवा पुढच्या नोकरीत जोडता येते.

मात्र रात्री तीनला आई कडी काढायला उठते आणि तुम्ही आठला ऑफिसला निघता, हे फार दिवस निभणार नाही. आठवड्यातून दोन रात्री बाई ठेवा. तिचे पैसे भावाने द्यावेत.

राजीनाम्याला घाई नाही, सहीला आहे. माझे वडील बँकेच्या काउंटरवर आडनावाचं पहिलं अक्षर काढून थांबले आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. मुखत्यारपत्र माझ्या पिशवीत होतं. पण देणाऱ्याची समजच गेली की आपल्या कायद्यात ते संपतं. तुम्हीही मुखत्यारपत्राच्याच भरवशावर आहात, म्हणून हे सांगतोय.

आज आईला समजतंय, तोवर तिच्याबरोबर ‘दोघींपैकी कोणीही’ पद्धतीचं बचत खातं उघडा. पेन्शनचं खातं तसंच राहू द्या; त्यातून दरमहा २२ हजार या खात्यात वळते करायची सूचना बँकेला आईच्या सहीने द्या. एफडीही संयुक्त करा, पण मुदती लहान ठेवा आणि मुदत संपली की रक्कम याच खात्यात येऊ द्या. मुदतीआधी मोडायची म्हटलं तर संयुक्त एफडीलाही बँका बहुधा दोन्ही सह्या मागतात.

बँकेत भावालाही न्या, नंतर ‘ताईने पैसे वळवले’ नको. आणि सकाळी जा. दुपारनंतर आई गोंधळते, असं तुम्हीच लिहिलंय.