कोल्हापूरजवळच्या वनखात्याच्या जंगलाबद्दल गावकऱ्यांना विचारून खरंच काही फरक पडतो का? आणि विचारायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की शहराजवळच्या डोंगरांवरचं सरकारी जंगल सांभाळायचा आराखडा करताना आसपासच्या लोकांची मतं कशी घ्यावीत, बैठक घ्यावी की फॉर्म भरून घ्यावेत, आणि त्याचा उपयोग होतो का. उपयोग होतो. पण मतं घ्यायची म्हणजे काय करायचं याबद्दल माझं आणि माझ्याच घरातल्या माणसाचं गेली कैक वर्षं वाजलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मी जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावात काहीही असलं, लसीकरण असो, सर्व्हे असो की मंत्री येणार असोत, बायका गोळा करायचं काम माझ्याकडे येतं. २०१८ च्या जुलैत असंच झालं. ते वर्ष राज्यात १३ कोटी झाडं लावायचं होतं. २०१६ ला २ कोटी, पुढच्या वर्षी ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी, असे आकडे वरून येत होते. आकडा आला की जागा लागते. आमच्या गावावरचा गवताचा उतार कागदावर ‘अवनत वनक्षेत्र’ आहे, म्हणजे बिघडलेलं जंगल. तो कधी जंगल होता हे गावातल्या कुठल्याच म्हाताऱ्याला आठवत नाही. तिथं करवंदीच्या जाळ्या आहेत, खाली ओघळीत चार जांभळं आणि बाकी सगळं कुसळी गवत.

बैठक ठेवली मंगळवारी सकाळी ११ वाजता, देवळाच्या सभामंडपात. आषाढात सकाळी ११ वाजता गावातली बाई कुठं असते हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. भांगलणीला असते, नाहीतर रोपलावणीला. मी मोजून सांगते, २३ पुरुष होते आणि आम्ही ४ बायका: मी, माझी मदतनीस, आशाताई आणि पंचायतीतल्या एक सदस्य. म्हणजे ज्या चौघींना यावंच लागतं त्या. वनखात्याचे एक साहेब आणि त्यांच्याबरोबर आराखडा करणारा एक जण आला होता. आराखडा छापून, स्पायरल बाइंडिंग करूनच आणलेला. तारेचं कुंपण, समतल चर म्हणजे पाणी मुरायला उतारावर आडवे खणलेले चर, करंज, शिसू आणि गिरिपुष्पाची रोपं, पाच वर्षं चराईबंदी आणि गवत कापायलाही बंदी. शेवटच्या पानावर ‘ग्रामस्थांच्या सूचना’ असा मथळा आणि खाली रिकाम्या ओळी होत्या. त्या ओळीत एकानं पाण्याची टाकी मागितली, दुसऱ्यानं देवळाला पेव्हर ब्लॉक. झाली सल्लामसलत.

पण ठरावाला सह्या कमी पडत होत्या. वन समितीचे अध्यक्ष माझे दीर. ते म्हणाले, “वैनी, संध्याकाळी रजिस्टर घेऊन एक फेरी मारा, बायकांच्या सह्या लागत्यात.” मी मारली फेरी. ४१ सह्या आणि अंगठे गोळा केले. त्या रजिस्टरवर माझं अक्षर आहे, म्हणून हा प्रश्न बघितल्यावर मला गप्प बसवेना.

शेवटचा अंगठा घरचाच होता. सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, म्हशीखाली धारेला बसल्या होत्या. त्यांनी लुगड्याला हात पुसला, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि मग विचारलं, “कशाचं हाय ह्ये?”

मी सांगितलं, वरच्या उताराला कुंपण होणार, झाडं लावणार.

“आनि गवात कोन कापनार मग?”

“पाच वर्षं कापायचं नाही आत्ती.”

त्या धार थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. “उबं ठिवनार? शिमग्याला जळतंय की मग त्ये. झाडं बी जळत्यात.” आणि दुसरं म्हणाल्या, “जोतिबाची पायवाट हाय तितनं. लोक तार तोडून जात्यात बघ.”

मी म्हटलं, मग बैठकीत का नाही सांगितलं? “मला कुनी इचारलं?” म्हणाल्या, आणि परत धारेला लागल्या.

शहरातून वाचणाऱ्यांसाठी जरा उलगडून सांगते. आमच्याकडे दसऱ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत डोंगरावरचं गवत कापतात. भारे बांधून खाली आणतात, गंजी लावतात. पुढं कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं मिळतं, आणि वाडं संपलं की ती गंजी उन्हाळ्याला लागते. गवत कापून नेलं की उतारावर बोटभर खुंट राहतात. त्यात ठिणगी पडली तरी आग सरपटते आणि विझते. तेच गवत उभं वाळलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कमरेच्या वर कोरडं पेटवण तयार असतं. हे शिकायला कुठल्या कोर्सला जायला लागत नाही. ज्या बाईच्या साडीला दरवर्षी कुसळं टोचतात तिला हे माहीत असतं. फॉर्मवर तिला रकाना कुठला असतो? ‘आपण वनातून कोणते उत्पन्न घेता?’ त्यावर ती ‘काही नाही’ म्हणणार, कारण गवत हे तिच्या लेखी उत्पन्न नाहीच, ते रोजचं काम आहे.

पुढचं वर्ष २०१९. ऑगस्टचा महापूर सगळ्यांना आठवत असेल. आमचं गाव उंचावर, पण शेतं खाली. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसं-जनावरं बाहेर काढावी लागली, त्यात माझ्या नणंदेच्या सासरची चार म्हसरं आमच्या गोठ्यात आली. ऊस पाण्याखाली, घासाचं रान पाण्याखाली, रस्ता बंद, दूध संकलन बंद. दुधाचं नुकसान सोसता येतं, पण जनावराच्या पुढं टाकायला वैरण नाही हे बघवत नाही. आणि घराच्या मागं डोंगरावर हिरवंगार गवत उभं, त्याच्या अलीकडं तार आणि तारेवर बंदीची पाटी. काही बायका रात्री जाऊन भारे आणत होत्या. मीही एकदा गेले. ज्या ठरावावर मी सह्या घेतल्या त्यानं मला चोर ठरवलं होतं. भाऊजींना म्हटलं, साहेबांना फोन करून पंधरा दिवसांची सूट मागा. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, एकदा सोडलं की बायका थांबायच्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस इतका झाला होता की गवत नेहमीपेक्षा हातभर उंच वाढलं. आणि २०२० च्या मार्चमध्ये, होळीच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला रस्त्याच्या कडेनं वणवा वर चढला. बायका खालच्या रानात होत्या, त्याच आधी पळाल्या. करंजाच्या ओल्या डहाळ्या आणि भिजवलेली पोती घेऊन आम्ही आग बडवली. वनरक्षक एक आणि त्याच्याकडे एक ब्लोअर, म्हणजे वारा मारून आग विझवायचं यंत्र. अंधार पडेपर्यंत सगळा उतार गेला. दुसऱ्या दिवशी वर गेलो तर रोपांना आधाराला लावलेल्या बांबूच्या काठ्या ओळीनं काळ्या उभ्या होत्या आणि रोपं नव्हती. पायवाटेवर तार तोडलेली होतीच, आत्ती म्हणाल्या होत्या तिथंच. दोन टिटव्या त्या राखेवर ओरडत फिरत होत्या. त्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात.

आणि संध्याकाळी पारावर आमचे भाऊजी काय म्हणाले? “बायकांनीच लावली असंल, गवताला बंदी केली म्हणून.” आत्तींचा तळहात भाजला होता, त्यांच्यासमोर म्हणाले. त्या दिवसापासून आमचं जे वाजलं ते वाजलंच. त्यांचं म्हणणं एकच, लोकांना विचारत बसलं तर जंगल उरायचं नाही, जो तो आपल्या गोठ्यापुरतं बोलणार. माझं म्हणणं, गोठ्यापुरतं बोलणाऱ्या बाईचं ऐकलं असतं तर झाडं वाचली असती.

आता तुमच्या ‘कसं’कडे येते. २०२१ ला नवीन वनरक्षक आला. करोनामुळे ग्रामसभा धड होत नव्हत्या, त्यामुळे बैठकीचा प्रश्नच नव्हता. तो संध्याकाळी सहाला दूध संस्थेच्या दारात येऊन थांबायला लागला. तिथं घरटी एक माणूस किटली घेऊन येतोच, आणि आमच्या गावात ती बहुतेक बाईच असते. फॅट लागेपर्यंत दहा मिनिटं मोकळी मिळतात. त्यानं वही उघडली नाही, भाषण केलं नाही. “आजी, कुठलं गवत आधी पिवळं पडतं?” असं विचारलं. मग एक दिवस चौघी-पाच जणींना घेऊन उतारावर गेला आणि त्यांनी बोटानं दाखवलं, इथनं वाट, इथं कातळ आहे झाड लागणार नाही, इथं ओघळीला लावा जांभूळ जगेल. त्यातून जे ठरलं ते अजून चालू आहे. उताराचे पट्टे पाडायचे, दसऱ्याआधी चिठ्ठ्या टाकून घरटी पट्टा वाटून घ्यायचा, थोडी रक्कम समितीत भरायची आणि ज्याला पट्टा मिळाला त्यानं आपल्या कडेची जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी, साफ करून द्यायची. पायवाटेला कुंपणात फट ठेवली. झाडं फक्त ओघळीत लावली, वरचं गवत गवतच ठेवलं. तेव्हापासून एकदा आग आली, ती जाळरेषेला येऊन थांबली.

कायदा तुमच्याच बाजूचा आहे, तो वापरा. राज्यात १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाचा, म्हणजे गावानं आणि वनखात्यानं मिळून जंगल सांभाळायचा, शासन निर्णय आहे, समित्या त्यातूनच आल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं ग्रामपंचायत कायद्यात आहे. किती गावांत ती कागदाबाहेर होते ते बघा. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. हा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, संध्याकाळी घरोघर रजिस्टर फिरवून भरला तर तो कोरम नव्हे, हे मी अनुभवानं सांगते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचं उदाहरण प्रत्येक भाषणात देतात. पण आमच्यासारख्या, आदिवासी नसलेल्या गावांना तीन पिढ्यांचा वनावरचा आधार सिद्ध करावा लागतो. शहराजवळच्या गावाला ते सोपं नाही. तोवर वाट बघत बसू नका.

शहरातल्या लोकांनाही विचारा, पण शेवटी. सकाळी फिरायला येणाऱ्यांना बाकडी, फरसबंदी वाट, सेल्फी पॉइंट आणि वर्षभर हिरवंगार हवं असतं. त्यांचा हक्क आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांचं मत मोबाइलवर दहा मिनिटांत भरून येतं आणि आत्तींचं येत नाही, म्हणून आकड्यात ते कायम जास्त दिसतात.

काही गोष्टी कबूलही केल्या पाहिजेत. गावकरी म्हणजे सगळे संत नव्हेत. आमच्याच भावकीत एकानं वनाच्या हद्दीचा दगड सरकवलाय आणि ग्रामसभेत त्याच्याविरुद्ध हात वर करायला कोणी तयार नाही. तिथं खात्यानंच मोजणी लावली पाहिजे, गावाला विचारून ते होणार नाही. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन येणारे धनगर आमच्या ग्रामसभेत बसत नाहीत, त्यामुळे पट्टे वाटताना त्यांचा विचार कोणीच केला नाही, मीही नाही. त्यांचा तळ पडतो तिथं जाऊन विचारायला हवं होतं. आणि मी सांगतेय ते शहराच्या आसपासच्या गवताळ डोंगरांबद्दल. राधानगरीचं अभयारण्य १९५८ पासूनचं, ३५१ चौरस किलोमीटरचं, गव्यांचं. तिथल्या वाड्यांचे प्रश्न पुनर्वसनाचे आणि पीक नुकसानीचे आहेत, तिथं गवताच्या चिठ्ठ्या टाकून भागत नाही.

भाऊजी आता दसऱ्याला चिठ्ठ्यांचा डबा स्वतः धरतात. २०१८ चा ठराव चुकला असं मात्र अजून म्हणालेले नाहीत.

तुम्ही एखाद्या गावात जाणार असाल तर संध्याकाळी दूध संस्थेत जा आणि सप्टेंबर संपायच्या आत जा, गवत पिवळं पडायच्या आधी. आराखडा छापून नेऊ नका. आणि कोणी अंगणवाडीच्या बाईला रजिस्टर घेऊन सह्यांना पाठवत असेल, तर तिच्याबरोबर तुम्ही पण घरोघर फिरा आणि प्रत्येक अंगठ्याआधी वाचून दाखवा की कशाचं आहे हे.