आधी एकच दिवा

प्रिय विद्यार्थिनीस,

जाळीतून भिंतीवर सावली पाडणाऱ्या तुझ्या मॉडेलचे फोटो पाहिले. जाळी इतकी बारकाईने कापूनही सावली पुसट का येते, असं विचारलं आहेस. कापणीत काही खोट नाही. तू दिवे पाच लावलेस. पाचही बाजूंनी सारखाच उजेड पडत असेल, तर एका दिव्याने पाडलेल्या सावलीवर उरलेल्या चौघांचा उजेड असतोच. काळोख जेमतेम एक पंचमांश. त्यात फोमबोर्डच्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात, तो वेगळाच. चार दिवे काढ. एकच ठेव.

रिकामं दिसेल म्हणतेस. दिसू दे की!

त्या एका दिव्याशी आधी नीट ओळख कर. दुधी आवरण नसलेला, छोट्यात छोटा एलईडी घे. जाळी त्याच्यापासून १० सेंटीमीटरवर आणि भिंत जाळीच्या मागे २० सेंटीमीटरवर ठेवलीस, तर नक्षी तिप्पट मोठी पडेल. दिव्याचं तोंड १ सेंटीमीटर रुंद असेल, तर सावलीची कड २ सेंटीमीटरभर विरेल. १ मिलिमीटर असेल, तर फक्त २ मिलिमीटर. तू रात्र रात्र कटरला धार लावत बसलीस, पण ही कड दिव्याने बिघडवली होती. एलईडी पट्टीचंही तसंच. पट्टीला समांतर असलेल्या रेषा टिकतात, काटकोनातल्या मात्र विरतात किंवा त्यांच्या चारचार प्रती पडतात. पाच दिव्यांच्या गर्दीत हे तुला दिसणारच नव्हतं. म्हणून म्हणतो, एकच दिवा.

आणि रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चित्रात करून बघते, हे आत्ता नको. तिथे दिव्याचा आकार आधीच भरलेला असतो, आपण तो तपासतही नाही.

उजेडाशी खेळणाऱ्या हंगेरियन कलाकार मोहोली-नाजचा दाखला देशील, ठाऊक आहे. फिरत्या धातूच्या चकत्या आणि रंगीत दिवे असलेलं ते यंत्र त्याने १९३०मध्ये पॅरिसला मांडलं. पण १९२२पासून तो फोटोग्राम करत होता: संवेदनशील कागद, त्यावर ठेवलेल्या वस्तू आणि उजेड, कॅमेराही नाही. गर्दी नंतरची आहे, बाई. वास्तुकार तादाओ आंदोचं जपानमधल्या इबाराकीतलं १९८९चं चर्च बघ. काँक्रीटच्या भिंतीत क्रॉसच्या आकाराची फट आणि आत मुद्दाम राखलेला अंधार. तो अंधार नसता, तर ती फट नुसती खिडकी झाली असती.

शिकत असताना मीही एकाच बल्बवर उभं केलेलं काम ज्युरीपुढे ठेवलं होतं. ‘अपुरं वाटतं’ असा शेरा मिळाला, गुणही गेले. मला ते काम आजही पुरं वाटतं. वरच्या ट्यूबलाइट सगळ्या चालू होत्या. त्या उजेडात कुठल्याही सावलीला अपुरंच म्हणावं लागेल. दिवे बंद करा, असं म्हणायला तेव्हा माझी जीभ रेटली नाही, त्याचा सल अजून आहे. तू म्हण. सबमिशनच्या आधीच मागून घे अंधारी खोली, आणि नाहीच मिळाली तर मॉडेलला आतून काळा कागद लावलेला खोका करून बघायला एकच भोक ठेव.

दुसरा दिवा मी कायमचा नाही म्हणत नाही. पण तो का हवा, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘छान दिसतं’ हे वाक्य चालणार नाही.

आता जाळी तीच ठेव आणि फक्त दिवा मागेपुढे सरकव. प्रत्येक फोटो फ्लॅश बंद करून काढ, एक्स्पोजर कायम ठेव आणि दिव्याचं अंतर खाली लिहून पाठव. अंतर न लिहिलेले फोटो मी उघडणार नाही.