कानाचे दडे सुटले, पण पेशींचं काय?

प्रश्न : आतल्या कानातल्या केसपेशी आवाज टिपतात म्हणे. केसांना आवाज कळतो कसा? आणि मोठ्या आवाजाने कानाला बसलेले दडे दुसऱ्या दिवशी सुटले, की पेशी पूर्ववत झाल्या असं समजावं का?

उत्तर : नावावर जाऊ नका, हे केस नव्हेतच. पेशीच्या माथ्यावर ताठ, सूक्ष्म काड्या असतात आणि त्यांच्या रांगा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत जातात. बुटक्या काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीच्या अंगापर्यंत एक बारीक धागा बांधलेला असतो. खरी करामत या धाग्याची.

कानाच्या पडद्याचं कंपन तीन हाडांवरून कॉक्लियातल्या, म्हणजे शंखासारख्या वेटोळ्या नळीतल्या, द्रवात उतरतं. काड्या उंच बाजूला झुकतात, धागा ताणला जातो आणि बुटक्या काडीच्या टोकाचं दार उघडतं. काड्यांभोवतीचा द्रव पोटॅशियमने भरलेला आणि सुमारे ८० मिलिव्होल्ट धन, तर पेशीचं अंतरंग ऋण. त्यामुळे पोटॅशियमचे आयन आत घुसतात. त्यासरशी पेशीच्या तळाशी कॅल्शियम शिरतं, ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडतं आणि श्रवणचेतातंतू जागे होतात. काड्या उलट झुकल्या की धागा सैल, दार बंद. डोळ्यातल्या पेशींत प्रकाश टिपल्यावर रासायनिक क्रियांची साखळी चालते, इथे थेट ओढ आहे. म्हणून दार मायक्रोसेकंदांत उघडतं आणि जेमतेम नॅनोमीटरभर हालचालही पुरते.

या पेशी दोन प्रकारच्या. आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी मेंदूला खबर देतात. बाहेरच्या सुमारे १२,००० पेशी प्रेस्टिन या प्रथिनाच्या बळावर आखडतात-लांबतात आणि क्षीण कंपन वाढवतात. गोंगाटाने आधी बहुधा याच मरतात. मग हळू आवाज हरवतो, गर्दीत शब्द ऐकू येतात पण उमगत नाहीत.

आता दड्यांचं. तुटलेले धागे पुन्हा जोडले जाऊ शकतात, पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही (पक्ष्यांत उगवते). शिवाय २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ऐकण्याची पातळी पूर्ववत होऊनही पेशी आणि चेतातंतू यांचे अनेक सांधे कायमचे तुटलेले होते. म्हणून दडे सुटले यावरून पेशी शाबूत आहेत असं धरू नका. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा सुचवली जाते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं.