घरी केलेली बीअर बाटलीत भरण्याआधी नितळ कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की टोरांटोला तळघरात केलेली बीअर तीन आठवडे झाले तरी गढूळच आहे, आता कोणती पावडर टाकू? पावडर हा शब्द वाचला अन् माझं डोकं फिरलं. माझे 20 लिटर पावडरीनंच गेले, आणि ती टाकणारा माणूस आजही घरच्या प्रत्येक कार्यात माझ्याकडे बोट दाखवून हसतो.

सात वर्षं मी पुण्याकडे एका ब्रुअरीत टाक्या सांभाळल्या. मग बाग पाहायला मोर्शीजवळ गावी परतलो. भाच्याचं साक्षगंध फेब्रुवारीत होतं. म्हटलं, आपल्या हातची पाजू. पुण्याहून माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडू चवीची फुलं), यीस्ट आणलं, वरून आपला विदर्भ दिसावा म्हणून किलोभर ज्वारीचं पीठ घातलं. विहिरीजवळच्या खोलीत दोन आठवडे छान आंबली. हायड्रोमीटरचं, म्हणजे बीअरमधली साखर मोजायच्या तरंगत्या काट्याचं, माप तीन दिवस हललं नाही, म्हणजे आंबणं संपलं. मग जुन्या फ्रीजच्या फळ्या काढून कॅन आत बसवला.

इथं खरी गंमत. शेताच्या फीडरवर आठ तास लाइन, तीही कधी दिवसा, कधी रात्री. फ्रीज पाच अंशांवर यायचा की लाइन गेली. बीअर निवळायला एक-दोन अंशांवर सलग दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा यीस्ट खाली साका धरतं. माझी बीअर रोज थंड, रोज कोमट. तरी मी गप्प बसलो होतो, कारण गप्प बसणं हेच यातलं अर्धं काम आहे.

साक्षगंधाच्या चार दिवस आधी भाऊजी आले. झाकण उघडून म्हणाले, "हे त ताक दिसून रायलं बे. तुरटी काहून नाही फिरवत?" मी म्हटलं, भाऊजी, हे पाणी नाही. तर म्हणे, "वर्धा नदीचा गाळ बसते तुरटीनं, तुह्या बीअरचा नाही बसणार?" मी झाडांना पाणी द्यायला गेलो. परत आलो तर सुपारीएवढी तुरटी कुटून आत पडलेली, आणि भाऊजी पऱ्हाटीच्या काडीनं ढवळत होते.

तुरटीचं सांगतो, म्हणजे तुमचे कुणी भाऊजी असतील तर उपयोगी पडेल. नदीच्या पाण्यात क्षार असतात, त्यांच्याशी तुरटीचं जमतं, त्याचे लोळे तयार होतात आणि ते माती घेऊन बसतात. बीअर आंबट असते, पीएच चार-साडेचारच्या आसपास. तिथं लोळे धरतच नाहीत, तुरटी नुसती विरघळून राहते आणि जीभ आवळते. ढवळल्यानं हवा शिरली ती वेगळीच, दोन दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. साक्षगंधाला सगळ्यांनी मठ्ठा पिला.

तुमचं उत्तर: टाकायचंच तर जिलेटीन. 20 लिटरला चहाचा सपाट एक चमचा, वाटीभर पाण्यात 65-70 अंशांवर विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि आधीच गार झालेल्या बीअरमध्ये ओतायचं. गार हा शब्द महत्त्वाचा. गारठ्यात प्रथिनं आणि टॅनिन एकमेकांना धरून धूसर होतात, तेव्हाच जिलेटीन त्यांना यीस्टसकट खाली ओढतं. कोमट बीअरमध्ये ओतलंत तर फक्त यीस्ट बसेल आणि ग्लास गार केला की पुन्हा धुकं. जिलेटीन जनावराच्या हाडाकातड्याचं असतं. माळकरी पाहुणे असतील तर नुसती थंडी आणि आणखी एक आठवडा. तुम्ही कॅनडात, तुम्हाला थंडी फुकट आहे हो. बाटलीत भरताना यीस्ट संपलं असेल ही भीती सोडा, डोळ्यांना नितळ दिसली तरी फेसासाठी बाटलीत टाकलेली लिटरमागे सहा ग्रॅम साखर आंबवण्याएवढं ते उरतंच. केगमध्ये, म्हणजे नळाच्या पिंपात, भरलीत तर पहिला गाळाचा ग्लास फेकून द्या.

आता जे सुरुवातीला लिहायला हवं होतं. गव्हाची बीअर असेल तर ती गढूळच शोभते, काही करू नका. आणि काहीही टाकण्याआधी पांढऱ्या बशीत बीअरचे चार थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब सोडा. निळं-काळं झालं तर तो स्टार्च आहे. तो ना थंडीनं बसत, ना जिलेटीननं.

माझं काळं झालं होतं. ज्वारीचं पीठ आधी शिजवून घ्यावं लागतं, माल्ट ज्या 65 अंशांच्या पाण्यात भिजवतात त्यात ते नीट फुलतच नाही. सात वर्षं ब्रुअरीत काढून हे विसरलो. थेंब टाकला तेव्हा साक्षगंध होऊन दोन दिवस झाले होते. भाऊजींना अजून सांगितलेलं नाही, कारण ते म्हणतील, बघ, तुरटीचा दोष नव्हता. होता. ज्वारी माझी, काडी त्यांची.

हो, आणि इथं महाराष्ट्रात बसून कुणी हे वाचत असेल तर परवान्याशिवाय घरी बीअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे. म्हणून माझं नाव वर दिसत नाही.