पुढच्या ब्रेकचे होज घरी बदलताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मोटार 18 वर्षांची आहे. थोडं चालवलं की पुढचं डावं चाक हात लावू नये इतकं तापतं आणि ब्रेक सोडल्यावरही गाडी डावीकडे ओढते. गॅरेजमध्ये कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदला म्हणाले, एक परिचित होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारी लवचिक रबरी नळी) बदला म्हणतात. होज बाहेरून तर धडधाकट दिसतो. नेमकं काय बदलू?

उत्तर: काहीही विकत घेण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, डोळ्यांवर चष्मा चढवा. पेडल दोन-तीनदा जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरत नाही याची खात्री करा. आता लोखंडी पाइप जिथे होजला मिळतो तो वरचा नट अर्धा फेरा सैल करा. चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब वरच अडकला आहे. मग मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा भाग) आणि पेडलची मोकळी चाल तपासावी लागेल. चाक तसंच घट्ट राहिलं तर नट परत आवळा आणि कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. आता चाक सुटलं तर दोष होजचाच. निपल उघडूनही सुटलं नाही, तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत आणि नवा होज टाकून काही फरक पडणार नाही. तपासणी झाली की त्या चाकाच्या ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला विसरू नका.

होज बाहेरून चांगला दिसतो यावर विसंबू नका. त्यात आत रबराची नळी, तिच्याभोवती धाग्यांची वीण आणि वर रबराचा थर असतो. आतली नळी वयोमानाने फुगते, तिचा पापुद्रा सुटतो आणि तो झडपेसारखा वागू लागतो. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑइल पापुद्रा ढकलून कॅलिपरकडे जातं, पण परत येताना मागे ढकलणारं फारसं काही नसतं. पिस्टनचं सील त्याला केसभरच मागे ओढतं. म्हणून पॅड डिस्कला घासत राहतात. पापुद्रा उलट्या दिशेने बसला तर त्या चाकाचा ब्रेक उशिरा लागतो आणि ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. काढलेला होज धारदार सुरीने उभा चिरून पाहा. कित्येकदा भोकातून बारीक तारही धड सरकत नाही.

एक बाजू गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे. होज जोडीनेच बदला.

प्रश्न: दोन्ही पुढचे होज घरीच बदलायचे आहेत. हत्यारं कोणती लागतील आणि क्रम काय ठेवावा?

उत्तर: होज बदलणं सोपं आहे. जिकिरीचा असतो तो वरच्या टोकाचा जुना, गंजलेला फ्लेअर नट, म्हणजे लोखंडी पाइपच्या फुलवलेल्या टोकावरचा नट. म्हणून कामाची सुरुवात आदल्या दिवशी करा. तारेच्या ब्रशने नटाभोवतीची माती आणि गंज साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आच देऊ नका, ब्रेक ऑइल पेट घेतं.

सामान असं: दोन नवे होज, प्रत्येक जोडाला लागतील तितके नवे तांब्याचे वॉशर, होज धरणाऱ्या नव्या क्लिपा, ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं अर्धा लिटर सीलबंद ब्रेक ऑइल, पारदर्शक नळी आणि बाटली. पान्यांत सर्वात महत्त्वाचा म्हणजे फ्लेअर नट पाना, म्हणजे पाइपवरून सरकेल एवढीच फट असलेला जवळपास बंद पाना. बहुतेक गाड्यांत तो 10 किंवा 11 मिलिमीटरचा लागतो. साधा उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि मऊ नटाचे कोपरे खाऊन टाकतो.

आधी पेडल दोन-तीन सेंटिमीटर, किंचित विरोध जाणवेपर्यंत दाबा आणि सीट व पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून तसंच ठेवा. त्याने मास्टर सिलिंडरमधली टाकीकडची वाट बंद होते आणि पाइप उघडा राहिला तरी टाकी रिकामी होत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे आवर्जून करा, कारण त्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बहुधा स्कॅनर लागतो. ब्रेकचे दिवे पेटून राहतील, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मग ब्लीडर क्षणभर उघडून साठलेला दाब सोडून द्या.

आता होजचा षटकोनी भाग एका पान्याने पक्का धरा आणि फ्लेअर नट दुसऱ्या पान्याने फिरवा. दोन्ही हात लागतात, त्यात कंजुषी नको. नट सुटला की क्लिप पकडीने ओढून काढा, होज ब्रॅकेटमधून मोकळा करा आणि मग कॅलिपरकडचं टोक सोडा. पाइपच्या तोंडाला लगेच रबरी टोपी लावा. कॅलिपर काढावाच लागला तर तो तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका.

बसवतानाचा क्रम होज कसा आहे त्यावर ठरतो. कॅलिपरमध्ये थेट आट्यांनी बसणारा होज असेल तर ते टोक आधी, नव्या वॉशरसह, पूर्ण आवळा. मगच वरचं टोक ब्रॅकेटमध्ये घाला. उलट केलंत तर खालचं टोक आवळताना अख्खा होज पिळला जातो. बॅन्जो बोल्टवाला (ऑइल जाण्यासाठी आतून पोकळ असलेल्या बोल्टने बसणारा) होज असेल तर एक वॉशर बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा होज आणि कॅलिपरच्या मध्ये. बोल्ट आधी नुसता हाताने लावा, होजचा खिळा किंवा कान त्याच्या खाचेत बसला आहे हे बघा, मग आवळा. फ्लेअर नट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. अडला तर पाइपचा कोन जुळवा, पाना लावून जबरदस्ती करू नका. आवळण्याचं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. साधारणपणे बॅन्जो बोल्टला 20 ते 35 न्यूटन-मीटर आणि फ्लेअर नटाला 12 ते 18 एवढंच लागतं. अंदाजाने आवळणारे इथे नेहमीच जास्त जोर लावतात.

बऱ्याच होजवर लांबीभर एक रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे. नागमोडी गेली की होज पिळलेला आहे. चाक लटकत असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन वर उचला आणि पुन्हा फिरवा. होज कुठे ताणला जाता कामा नये, चाकाला, स्प्रिंगला किंवा शाफ्टला घासता कामा नये. ही पाहणी पाच मिनिटांची आहे आणि ती टाळलेले होज सहा महिन्यांत घासून फाटतात.

रंगावर सांडलेलं ऑइल पुसून थांबू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंगाला फोड येतात.

प्रश्न: फ्लेअर नट गोल झाला आहे. जोर लावला की नटाबरोबर पाइपच फिरतो. पुढे काय?

उत्तर: तिथेच थांबा. पाइप अर्धा फेरा जरी पिळला तरी तो चिमटतो आणि मग तो बदलावाच लागतो. होज तसाही टाकायचाच आहे, तेव्हा नट धरून होज फिरवून पाहा. वरची क्लिप काढा, होज मध्यावर कापा, नट लॉकिंग पकडीने घट्ट धरा आणि होजचं षटकोनी टोक त्यावरून फिरवून काढा. पाइप जागचा हलत नाही, म्हणून बऱ्याचदा हे साधतं. नटाचे कोपरे तरीही गेले असतील तर नवा नट आणि पाइपचा नवा तुकडा लागेल. त्याचं टोक जुन्यासारखंच फुलवलेलं हवं. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर हे टोक फुलवण्याचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कितीही आवळले तरी झिरपतात. हातात फ्लेअर करायचं चांगलं यंत्र नसेल तर एवढं काम जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न: नवा होज घेतला. नट सहज आत गेला, पण शेवटी आवळताना घट्टच होईना. होज खराब आहे का?

उत्तर: होज नव्हे, आटे वेगळे असण्याची शक्यता मोठी. जुन्या गाड्यांत 3/8 इंच, इंचाला 24 आटे असा नट असतो, नंतरच्या गाड्यांत 10 मिलिमीटर, 1 मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). 3/8 इंच म्हणजे 9.525 मिलिमीटर. तो बारीक नट 10 मिलिमीटरच्या होजमध्ये सैल बसतो, थोडा वेळ धरल्यासारखं वाटतं आणि दाबाखाली आटे सोडून देतो. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. आटे मोजायच्या पट्टीने तपासा आणि ही जोडी गाडीवर ठेवूच नका.

प्रश्न: होज बदलले, हवा काढली, तरी पेडल चांगलं लागत नाही.

उत्तर: ‘चांगलं लागत नाही’ याचे तीन अर्थ होतात आणि तिन्हींची कारणं निराळी.

पेडल स्पंजासारखं दबत असेल तर हवा उरली आहे. निपल कॅलिपरच्या सर्वात वरच्या बाजूला आहे ना, ते आधी पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातं आणि हवा कधीच निघत नाही. हवा काढताना नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. मदतनिसाने पेडल हळू दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच त्याने पाय उचलायचा. कॅलिपरला रबरी हातोडीने टिचक्या मारा, भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. टाकी दर पाच-सहा दाबांनंतर भरा.

पेडल कडक पण फार खाली लागत असेल आणि दोनदा दाबल्यावर वर येत असेल, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे भाग) सैल आहेत का ते पाहा.

पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली बसत जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे सील गेले. हे बऱ्याचदा हवा काढतानाच होतं. जुन्या सिलिंडरमध्ये पिस्टन एरवी जात नाही त्या भागात गंज साचलेला असतो आणि पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावरून खरवडलं जातं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला असता तर हे टळतं.

प्रश्न: गेल्या वर्षीचं उरलेलं ऑइल वापरू का? आणि गळती थांबवायला होज व्हाइस ग्रिपने चिमटला तर चालेल?

उत्तर: दोन्हीला नाही. उघडलेल्या डब्यातलं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना 230 अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर 155. उतारावर सतत ब्रेक धरला की त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये कधीच मिसळू नका. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलचा बोटही या भागांना लागू देऊ नका, रबर फुगतं. होज टाकायचाच असेल तर चिमटा, पण नव्या होजला पकड लावली की आतली नळी तिथेच दुखावते.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल 30 सेकंद जोरात दाबून धरा आणि मदतनिसाकडून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. मग मोकळ्या जागी चालण्याच्या वेगात चार-पाचदा ब्रेक मारा. दुसऱ्या दिवशी जोड आणि टाकीतली पातळी पुन्हा तपासा.