अँप बदलू की नको?

"अँप बदलू की नको, एवढंच सांगा सर. काय करायचं कळंना झालंय."

समुपदेशनाच्या खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याने हे सांगून टाकलं. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. वय सव्वीस. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये नोकरी, रविवारी टिळकवाडीत मित्राच्या गोदामात बँडचा सराव. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याच्याकडे पीव्ही ६५०५ हेड (स्पीकर नसलेला अँप) होतं. कोल्हापूरचा एक गिटारवाला त्याच्या बदल्यात मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर द्यायला तयार होता, पण वर ४०,००० रुपये मागत होता. तीन आठवडे हा मुलगा रात्री दोनपर्यंत दोन्ही अँपच्या तुलनेचे व्हिडिओ बघत होता. झोप गेली होती आणि कामावर चुका व्हायला लागल्या होत्या.

आमच्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या वेशात येतो. कुणाची मोटरसायकल असते, कुणाचा कॅमेरा. आम्ही विचारलं, "तुझ्या आत्ताच्या अँपमध्ये काय खटकतं?" तो दहा मिनिटं बोलला, आणि सगळं रेक्टिफायरबद्दलच बोलला. स्वतःच्या अँपबद्दल एक शब्द नाही. दोन वर्षांत याआधी दोन अँप बदलून झाले होते. दोन्ही वेळा पदरचे पैसे गेले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा चुळबुळ सुरू झाली. हेही त्यानेच सांगितलं, पण जाता जाता.

घरचा अभ्यास एकच दिला: तक्रार एका ओळीत लिहून आण, आणि त्या ओळीत दुसऱ्या अँपचं नाव नको. पुढच्या आठवड्यात चिठ्ठी आली: "सरावात माझी गिटार ऐकू येत नाही, नुसती गुरगुर येते." आता हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं. 'टोन आवडत नाही' यावर कुणी काय करणार? गुरगुरीचं कारण मात्र शोधता येतं.

मोबाइलमधला पॅनेलचा फोटो बघितला. गेन (आवाज किती खरखरीत करायचा ते) ८, मिड (मधले सूर) २, रेझोनन्स (खालच्या सुरांची घुमणी) ९. घरी हळू आवाजात हे भारदस्त वाटतं, त्याला कारण आहे. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले. म्हणून माणूस मिड उतरवतो आणि बास चढवतो. ड्रम सुरू झाला की नेमकी उलट गत होते. गिटारची जागा मिडमध्येच असते, आणि तीच त्याने रिकामी केलेली. त्यात ट्यूनिंग ड्रॉप बी, म्हणजे तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या. सगळ्यात जाड तार साधारण ६२ हर्ट्झवर, म्हणजे बेस गिटार आणि किक ड्रमच्या अंगणात.

त्या रविवारी त्याने करायचं ते ठरवून दिलं. गेन साडेचार, लो ४, मिड ६, हाय ५, रेझोनन्स ४. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल: ड्राइव्ह शून्य, लेव्हल ७-८, टोन मध्यावर. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग आधीच पातळ करतो, त्यामुळे प्रीअँपमध्ये (अँपच्या पहिल्या टप्प्यात) बासचा चिखल होत नाही आणि पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) घट्ट येतं. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) कोपऱ्यात जमिनीवर होतं, ते भिंतीपासून ओढून क्रेटवर चढवायचं. स्पीकरचे वरचे सूर समोर सरळ रेषेत जातात. कॅबिनेट पोटऱ्यांना ऐकवून उपयोग नाही, कान वर असतात. शेवटी ट्यूब, म्हणजे अँपमधल्या काचेच्या नळ्या. अँप चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रत्येक प्रीअँप ट्यूबवर हलकेच टिचकी मारायची. पहिल्या जागेवरची १२एएक्स७ घंटेसारखी वाजली. ती बदलली. चेसिस (अँपची आतली धातूची पेटी) मात्र उघडायची नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

गुरगुर बरीचशी गेली. व्हिडिओ बघणं काही गेलं नाही. मग म्हटलं, आता समोरासमोर ऐकच.

तो, त्याचा ड्रमर आणि कोल्हापूरचा गिटारवाला निपाणीत एका हॉलमध्ये भेटले. गिटार एकच, केबल एकच, कॅबिनेटही एकच. एका वेळी एकच हेड जोडायचं, स्पीकरशिवाय चालू करायचं नाही (आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो), कॅबिनेटच्या ओहमप्रमाणे जॅक किंवा स्विच निवडायचा. मोबाइल डेसिबल मीटरवर लावून एकाच जागी ठेवायचा आणि दोन्हींचा आवाज एका डेसिबलच्या आत जुळवायचा. हे चुकलं तर सगळंच फसतं, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मागची पाटी वाचायचीच. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर थेट लावला तर निदान फ्यूज तरी जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पाटीवरच्या वॅटच्या दीडपट घ्यावा. तरी तो व्होल्टेज उतरवतो, ५० हर्ट्झचे ६० करत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो.

फरक खरा होता. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन आवाज आवरणं) काढलेला असतो, म्हणून बास रुंद आणि सैल, वरची धार उघडी. संथ, जड रिफला तो भरून राहिला. ६५०५ कोरडा आणि चावरा. वेगवान पाम म्यूटमध्ये एकेक ठोका सुटा. दोन्हींत ६एल६ जातीच्याच चार पॉवर ट्यूब, तरी स्वभाव असे वेगळे. त्याच्या बँडची बहुतेक गाणी वेगवान. ड्रमरने पाठ फिरवून ऐकलं आणि दोन्ही वेळा अँप बरोबर ओळखला. "फरक नसतोच" म्हणणाऱ्यांशी आम्ही म्हणूनच वाद घालत नाही. फरक असतो. तो आपल्या कामाचा आहे का आणि ४०,०००चा आहे का, हे वेगळे प्रश्न.

एका बाबतीत रेक्टिफायर सरळ जिंकला. त्यात प्रत्येक चॅनेलला वेगळे बास-मिड-ट्रेबल आहेत. साध्या ६५०५ मध्ये दोन्ही चॅनेलना मिळून असा एकच संच (इक्यू). लीड जमवलं की स्वच्छ आवाज बिघडतो.

त्याने कोल्हापूरकराला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. तोही थांबला. अशी अदलाबदल सहसा इतकी घाईची नसते, घाई आपल्याच डोक्यात असते. रात्री दहानंतर तुलनेचे व्हिडिओ बंद, हे त्याने स्वतःहून ठरवलं. पहिल्या आठवड्यात चार रात्री पाळलं, तीन रात्री मोडलं. आम्ही मोडलेल्या रात्रींबद्दल फक्त एवढंच विचारलं की त्या दिवशी कामावर काय झालं होतं. तिन्ही दिवशी सुपरवायझरशी वाजलं होतं. त्यावर पुढची दोन सत्रं गेली, अँपचं नाव फारसं निघालं नाही.

शेवटच्या भेटीत त्याने नवी चिठ्ठी पुढे केली: "दोन गाण्यांच्या सुरुवातीला स्वच्छ आवाज पातळ लागतो." आम्ही म्हटलं, आधी गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणून वाजव, ऱ्हिदम चॅनेलचा ब्राइट स्विच बंद कर, आणि चार सराव याच सेटिंगवर कर.

"आणि तरी पातळच लागला तर?"

"तर कोल्हापूरला फोन कर."

त्याने चिठ्ठी घडी घालून गिटारच्या बॅगेत तारांच्या पाकिटाशेजारी ठेवली.