क्रूझवर स्वतःची वाइन न्यावी की जहाजावरच विकत घ्यावी?

कंपनी परवानगी देत असेल तर एक बाटली जरूर न्या, बाकीची जहाजावर घ्या. कार्निव्हलसारख्या बऱ्याच कंपन्या पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक प्रौढामागे 750 मिलीची एक सीलबंद बाटली नेऊ देतात. ती हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या सामानात सापडली तर बहुधा काढून घेतात, आणि फुटली तर कपड्यांची वाट लागते ती वेगळीच.

खरा हिशेब कॉर्केजचा आहे. आपलीच बाटली डायनिंग रूममध्ये उघडली की जे शुल्क लागतं, तेच कॉर्केज. केबिनमध्ये प्यायलात तर बऱ्याच ठिकाणी लागत नाही. त्यामुळे स्वस्तातली वाइन नेऊन जेवणाच्या टेबलावर उघडण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. न्यायचीच तर खास आवडीची न्या.

जहाजावर सुटे ग्लास मागवण्यापेक्षा बाटली घ्या. 150 मिलीचे पाच ग्लास निघतात. उरली तर वेटर केबिन नंबर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री तीच आणून देतो. मेन्यूतल्या किमतीवर सेवाशुल्क वेगळं लागतं, तेही धरा.

वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली मात्र सहसा प्रवास संपेपर्यंत जहाजवालेच ठेवून घेतात. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी कंपनीच्या साइटवर एकदा बघाच.